नकाशातली गावदेवी

कमळाच्या घरातून लाल रेघ गेली होती, तीही कुणाच्या तरी मोबाईलवरच्या नकाशात. काल्हेर गावातल्या नव्या रस्त्याची ती हद्द. रेघेपासून खाडीच्या बाजूला येईल ते पाडायचं, आणि कमळाचं स्वयंपाकघर, देव्हारा, केसरीनाथची खाट सगळं नेमकं त्याच बाजूला. पंधरा दिवस नवराबायकोच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

पाडकामाआधीची शेवटची मोजणी करायला रीमा नावाची मुलगी आली. हातात उंच काठी, काठीच्या टोकाला पांढरी डबी.

"ही उपग्रहांना जागा विचारते, मावशी. बोटभराचीही चूक होत नाही."

"आनि ती रेघ कुठून आली?"

"गावच्या जुन्या नकाशावर आखली. नकाशा कॉम्प्युटरवर घेतला, पण तो जमिनीवर कुठंतरी बसवावा लागतो ना? हद्दीचे दगड गोदामांच्या भरावाखाली गेले. मग नकाशात गावदेवीचं देऊळ दिसलं. देवळात काठी धरली आणि नकाशा तिथं टाचला."

कमळानं कपाळावर हात मारला. "अगो बाय! देवी तिथं न्हवतीच! मागं खाडीकडचा रस्ता रुंद केला तवा तिला गावात आत आणली. मी नवी नवरी होते, मूर्ती माझ्याच मांडीवर होती! जुन्या देवळाचं जोतं अजून हाय, दाखवते चल."

वर वीस उपग्रह फिरत होते, पण देवीनं बिऱ्हाड बदलल्याचं त्यांना कोण सांगणार? तेवढं कमळालाच ठाऊक होतं.

गोदामामागच्या झुडपात जोतं सापडलं. रीमानं त्यावर काठी धरली, नकाशा तिथं बसवला आणि खात्रीसाठी जुन्या विहिरीवर गेली. मघापर्यंत नकाशातली विहीर भलत्याच्या अंगणात पडत होती, ती आता खऱ्या विहिरीवर चपखल बसली. सगळा नकाशा चाळीस फूट खाडीकडे सरकला. त्याबरोबर लाल रेघही कमळाचं घर सोडून, अंगण ओलांडून पार खाडीकाठच्या खाजणात, चिखलात गेली.

"साहेबांची सही होईपर्यंत कुणाला बोलू नका," रीमा म्हणाली. कमळा बोलली नाही, पण त्या चार दिवसांत तिनं देवाला काय काय कबूल केलं ते विचारू नये.

पाचव्या दिवशी सहीशिक्क्याचा नकाशा आला. केसरीनाथनं तो दोनदा वाचला, मग पायरीवर बसला आणि ओक्साबोक्शी रडू लागला. बाप गेला तेव्हाही या माणसाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. कमळा शेजारी टेकली.

"रडा पोटभर," ती म्हणाली. "पायरी आपलीच हाय."