चार आसनांची ओळ

अमेरिकेतल्या लेकीवर, वैजयंतीवर, करण्याजोगा उपचार आता उरला नव्हता, एवढेच जावयाने फोनवर सांगितले होते. आणि तिचे स्वतःचे मागणे एकच होते, की आईने यावे आणि काही रात्री तिच्या शेजारी निजावे. अमेरिका दूर होती, परंतु नानाजींपुढचा खरा प्रश्न अंतराचा नव्हता. वैजयंतीच्या आईचा, कस्तुराबाईंचा, मणका खचला होता. कमरेला पट्टा बांधून त्या जेमतेम अर्धा तास बसत. त्यापुढे आडवे होण्यावाचून त्यांना गत्यंतर नसे. नवराबायकोचा व्हिसा हाती आला होता. विमानात कस्तुराबाईंना निजवायचे कसे, एवढेच ठरायचे होते.

शेलूबाजारात महामार्गालगत इब्राहीमचे तिकिटांचे दुकान होते. पुण्याच्या स्लीपर गाड्यांपासून हजच्या विमानापर्यंत सारे तोच पाही. तो आणि त्याची बायको हाजराबी गेल्याच वर्षी हज करून आले होते. नानाजी गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. समोरच्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून मग ते मुळापासून खोडायचे, ही त्यांची रीत. तीच त्यांनी विमानातल्या आसनांनाही लावली.

"ही पयली. पुरी पलंगासारखी होते," इब्राहीमने पडद्यावर बोट ठेवले.

"तिचा भाव म्या पाह्यला. पुढं बोल."

"तिच्या मांगची. चौडी हाय, पाठ बी जादा झुकते."

"झुकते, आडवी होत नाई. न्हाव्याची खुर्ची बी झुकते, इब्राहीम. तिच्यावर रात काढते का कोनी?"

"मंग भिंतीपुढची घ्या. पाय लांबवता येतात."

"दुखते पाठ, अन् तू पायाचं सांगून राह्यला! तिथल्या हात टेकायच्या दांड्या बी उचलत नाईत, तूच सांगतलं."

"खिडकी?"

"टेकायले बरी. पन टेकनं म्हंजे निजनं नव्हं."

"नानाजी, विमान हाय हे. तुमच्या घरची झुलती बंगई नाई."

अखेर उरली मधली चार आसनांची ओळ. तिच्या दांड्या वर होत. तीन आसनांवर कस्तुराबाई, टोकाच्या चौथ्यावर नानाजी. योजनेत उणे काढायला नानाजींनाही जागा सापडली नाही. फक्त उरलेल्या दोन तिकिटांवर नावे कोणाची घालायची, हे राहिले होते.

"माहं अन् हाजराबीचं टाकतो," इब्राहीम म्हणाला. "आमचे पासपोर्ट तयारच हायेत. आमी येनार नाई, म्हंजे जागा खालीच राह्यते."

यात दोघांनाही काही खटकले नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली. आणि पुण्याच्या गाडीत ज्याने बर्थ घेतली, तो आला नाही तरी ती त्याच्याच नावाने पुण्यापर्यंत रिकामी जाते. याच रिवाजात त्यांचे आयुष्य गेले होते. एकाच प्रवाशाच्या नावावर जादा आसने घेण्याची वेगळी सोय असते, हे कोणाला विचारावे असेही त्यांच्या मनात आले नाही.

पुतण्या हरीओमने जीपमध्ये मागे गादी टाकून कस्तुराबाईंना मुंबईपर्यंत निजवून आणले. विमानातही आरंभी सारे ठरल्याप्रमाणे झाले. नानाजींनी दांड्या उचलल्या, शाल पसरली, आणि कस्तुराबाई आडव्या होत म्हणाल्या, "जमून राह्यलं बरं का."

तेवढ्यात एक तरुण जोडपे ओळीपाशी येऊन उभे राहिले. त्यांच्या हातातल्या पासांवर कस्तुराबाईंखालच्या तीनपैकी दोन आसनांचे आकडे होते. नानाजींनी आवाज चढवला, तशी हवाई सुंदरी आली.

"काका, ज्यांच्या नावाने या जागा होत्या, ते दोन प्रवासी आलेच नाहीत. काउंटर बंद झाल्यावर जागा प्रतीक्षायादीतल्यांना दिल्या."

"पन पैसे म्या भरले!"

"पैसे कोणीही भरोत, काका. जागा प्रवाशाची असते."

"अन् प्रवासी तुमच्या डोयापुढं झोपेल हाय!"

"त्यांच्या नावाने एकच जागा आहे."

या म्हणण्यात खोडण्याजोगे काही नव्हते. विमान भरलेले होते. तरुण ओशाळून नुसता उभा होता. कस्तुराबाई उठून बसल्या. विमान सुटायला वेळ लागला, आणि अर्धा तास होताच त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, कपाळावर घाम आला, आणि ज्याला बसवत नाही त्याला नेता येणार नाही, असा कप्तानाचा निरोप आला.

"मी बी उतरतो," नानाजी पट्टा सोडू लागले.

"कायले? हरीओम भायेरच हाय, तो नेईन मले घरी. एक तरी पायजे पोरीजवळ. बसा मुकाट्यानं. जलमभर भांडले, आता भांडू नका."

चाकांच्या खुर्चीवरून त्यांना नेले. त्यांनी मागे वळून पाहिले नाही. कमरेच्या पट्ट्यामुळे त्यांना वळताच येत नव्हते.

दार बंद होता होता फोन वाजला.

"बाबा, आई झोपली का?"

"नाई, वैजू. तिच्यानं बसल्या नाई गेलं. ती उतरली. मी येऊन राह्यलो."



"मंग तुमी कायले येता, बाबा?"

तिच्या स्वरात राग नव्हता. ती खरोखरच विचारत होती. नानाजींनी आसनावर राहिलेली शाल मांडीवर ओढून घेतली. शेजारच्या तरुणाने पट्टा आवळला, आणि विमान हळूहळू मागे सरकू लागले.