आजींनी चाके हाती घेतली

मित्रांनो, रस्त्यात मी दिसले की तुम्ही घाईने बाजूला होता आणि माझ्यात बसलेल्या माणसाकडे जरा दयेने पाहता. मी एक जुनी व्हीलचेअर आहे. मला तुमच्याशी थोडे बोलायचे आहे.

बर्मिंगहॅमजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. निळे आसन, पोलादी सांगाडा आणि दोन मोठ्या चाकांना बाहेरून चकचकीत कडी. ती धरून बसणाऱ्याने आपल्या हातांनी मला चालवावे, म्हणून ती लावलेली असतात. पण मँचेस्टरच्या हॉस्पिटलात मला नेहमी मागूनच ढकलले गेले. ‘ही छान पळते,’ असे नर्स म्हणायच्या, तेवढेच माझे कौतुक. पुढे नव्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी एका चर्चच्या तळघरात झाली. तिथल्या ओलीने मला गंज चढला, टायर बसले.

तिथून नकुलने मला त्याच्या आईसाठी घरी आणले. त्याची आई म्हणजे शशीआजी. नागपूरहून लग्न होऊन त्या इथे आल्या आणि अनेक वर्षे शाळेच्या स्वयंपाकघरात उभ्याने राबल्या. मागच्या हिवाळ्यात बर्फावरून घसरून त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन झाले, पण लांबचे चालणे जमेना. नकुलने मला तेल दिले, नवे टायर घातले. आजींनी मात्र तोंड फिरवले.

“त्यात बसलं की माणसाचं सामान होतं,” त्या म्हणाल्या.

मी दारामागे घडी होऊन पडले. घरचे माझ्यावर कोट टाकू लागले.

जुलैमध्ये शहराच्या मध्यभागी उन्हाळी उत्सव होता. नात मायरा शाळेच्या बँडमध्ये ड्रम वाजवणार होती. “आजी, तू नाही आला तर मी पण नाही वाजवणार,” ती म्हणाली. तिचे मराठी तसेच आहे, पण आजींना ते पुरेसे होते. त्या माझ्यात बसल्या. पर्स मांडीवर घट्ट धरली आणि सून आश्लेषा मला ढकलू लागली.

संध्याकाळ झाली तरी विटांच्या भिंतींवर ऊन होते. रस्ते वाहनांना बंद होते आणि माणसांनी फुलले होते. भाजलेल्या मक्याच्या स्टॉलवर विक्रेत्याने आजींच्या डोक्यावरून आश्लेषाला विचारले, “यांना तिखट चालतं का?”

आजींची मान खाली गेली. “आश्लेषा, घरी चल.”

“आई, पण मायरा...”

“घरी चल म्हटलं ना.”

आम्ही वळलो. वाटेत गर्दीने रिंगण केले होते. मधोमध एक तरुणी माझ्यासारख्याच खुर्चीत बसून नाचत होती. एक कडे रोखून धरायची, दुसरे झटक्यात सोडायची आणि गर्रकन फिरायची. नाच संपल्यावर ती पाणी प्यायला आमच्याजवळ आली.

“हात दुखत नाहीत का गं?” आजींनी विचारले.

“रोज दुखतात. पण कुठे जायचं ते मी ठरवते.” मग तिने माझ्याकडे पाहिले. “तुमच्या खुर्चीलाही कडी आहेत की.”

एवढ्यात लांबून शाळेच्या बँडचे ड्रम ऐकू आले. आजींनी पर्स आश्लेषाकडे दिली. “हात काढ. माझं मी बघते.”

आणि त्यांचे तळवे माझ्या कड्यांवर टेकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी मला असे धरले होते. मोठमोठी पातेली उचललेले हात होते ते. आधी आम्ही वाकड्या गेलो आणि कचऱ्याच्या डब्याला धडकलो. मग ट्रामच्या रुळात माझे पुढचे चाक अडकले. दोघे-तिघे धावून आले. आजींनी हात वर करून त्यांना थांबवले. मला मागे घेतले, सरळ केले आणि रूळ आडवा ओलांडला. “एक्स्क्यूज मी,” त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. वाट झाली.

आजींना सर्वांत पुढे पाहून मायराचे दोन ठोके चुकले. मग तिने ड्रम असा बडवला, की बँडमास्तरही हसले.

घरी पोचलो तेव्हा आजींचे तळवे काळेठिक्कर झाले होते. “उद्या लायब्ररीत जाणार आहे,” त्या म्हणाल्या.

“कोण नेणार तुला?” नकुलने विचारले.

“मीच हिला नेईन.”

मित्रांनो, माझ्या टायरमध्ये हवा भरा, मला पावसात ठेवू नका, फुटपाथवर माझ्या वाटेत सायकली लावू नका. आणि मला ढकलण्याआधी माझ्यात बसलेल्या माणसाला एकदा विचारा. उत्तर ऐकायला थांबा.

आता मला निघायला हवे. आजींनी ब्रेक सोडला आहे.