न फवारलेलं खोड

शत्रू ओळखण्याची विद्या ज्याला साधली, त्याचं या जगात कुणी काही वाकडं करू शकत नाही. खंडेरावांना ती साधली होती. मागच्या वर्षी भामटा समजून त्यांनी फाटकातून हाकललेला माणूस मुलीला बघायला आलेला निघाला, एवढंच.

म्हणून वरच्या मजल्यावरची भाडेकरू दिशा म्हणाली, "काका, दिंडोरीच्या बागेतून वाळक्या वेलीचं एखादं वाकडंतिकडं खोड आणाल?" तेव्हा खंडेराव सावध झाले. त्यांची द्राक्षं युरोपला निघायच्या बेतात होती. तपासणीत फवारलेल्या औषधाचा अंश जास्त सापडला, तर सगळा माल परत.

"खोड कशाला?"

"पिंट्याला चढायला. पण शेवटची फवारणी कधी झाली?"

पिंट्या नावाचं कुणी खंडेरावांनी जिन्यात कधी पाहिलं नव्हतं.

"फवारणी? आम्ही औषधाला शिवत नाय. नुसतं गोमूत्र."

नाही म्हटलं तर संशय येईल, म्हणून खोड आणूनही दिलं. मग गच्चीच्या दाराआडून पाळत सुरू झाली. दिशानं साल खरवडली, ब्रशनं घासलं, मोठ्या पातेल्यात खोड उकळलं, पाणी मोरीत ओतलं.

"नमुना काढतीये," खंडेराव बायकोला कुजबुजले.

"अहो, ती तर पाणी फेकतीये," मैनाबाई म्हणाल्या.

"पुरावा मिटवतीये."

"कुणाचा? आपला?"

खोड उन्हात वाळून दिशाच्या घरात गेलं, तसे ते द्राक्षांची पेटी घेऊन वर गेले. भेट म्हणून.

आत काचेच्या मोठ्या पेटीत ते खोड तिरकं बसवलं होतं आणि त्यावर हातभर लांब हिरवा इग्वाना सरडा पसरला होता.

"हा पिंट्या," दिशा म्हणाली. "दिसेल ते चाटतो. उकळून किडे मरतात हो, पण लाकडात मुरलेलं औषध थोडंच जातं? बरं झालं, तुम्ही गोमूत्रवाले."

पिंट्यानं जीभ काढली. खंडेरावांच्या डोळ्यांपुढे युरोपहून परत येणारा कंटेनर उभा राहिला. पिंट्यानं खोडाकडे मान वळवली.

"काढ त्याला!" खंडेराव ओरडले. "मागच्याच आठवड्यात औषध मारलंय! दोनदा!"

दिशानं झटक्यात पिंट्याला उचलून खांद्यावर घेतलं आणि खोड गॅलरीत टाकलं. खंडेरावांनी आवाज खाली आणला.

"मग... रिपोर्ट कुणाकडं जाणार?"

"कसला रिपोर्ट? मी बँकेत आहे, काका."

तिनं एकदा भेट आलेल्या द्राक्षांकडे पाहिलं, एकदा खंडेरावांकडे.

"घरी खायला म्हणून औषध न मारलेल्या दोन-चार वेली राखता ना तुम्ही? त्यातलं एक खोड द्या की."