लाल टाक्यांचं स्टेअरिंग

“काढ गड्या हे स्टेअरिंग. जुनंच बसव.”

हरिबांनी मारुतीचं दार लावलंसुद्धा नव्हतं. दुसऱ्या एका गाडीखालून मान बाहेर काढून गॅरेजवाला गुंडा त्यांच्याकडे बघत राहिला.

“आवं तात्या, परवा तर बसवलंय. मायाताईनं साताऱ्यासनं मुद्दाम धाडलं. काय खोट निघाली त्यात?”

“खोट न्हाई. बारकं हाय. बारकं म्हंजे जड जातंय. तूच म्हनला हुतास की.”

ते खरं होतं. या जुन्या गाडीला पॉवर स्टेअरिंग नव्हतं. स्टेअरिंग जेवढं लहान तेवढा हाताला जोर जास्त. पण फोनवर हरिबांच्या लेकीचा, मायाचा आवाज इतका हरखलेला होता की गुंडाने तिला हे सांगितलं नव्हतं, आणि हरिबांनीही. जुन्या स्टेअरिंगचं काळं वडिलांच्या तळव्यांना लागतं, हे बघून तिने नवं निवडलं होतं. काळं चामडं, कडेने लाल टाके. बाळाला मांडीवर थोपटत, एका हाताने मोबाईलवर शोधलेलं.

हरिबांनी उभी हयात साखर कारखान्याची जीप चालवली होती. आता त्यांची गाडी होती ती फक्त बायकोसाठी, सुलाबाईंसाठी. सुलाबाईंना गाडी लागायची. एसटी असो, वडाप असो, नाहीतर जावयाची एसी गाडी, पलूस मागे पडायच्या आत पिशवी तोंडाशी. हरिबा चालवत असले की मात्र काही होत नसे. “ह्यांच्या हाताला वळनं कळत्यात,” त्या सगळ्यांना सांगायच्या. येत्या रविवारी साताऱ्यात नातीचा पहिला वाढदिवस होता.

गुंडाने हॉर्नचं झाकण काढलं. मधला नट सैल केला, पण पुरता काढला नाही. मग स्टेअरिंग दोन्ही हातांनी हलवत हलवत ओढलं.

“नट जरा ठेवायचा तात्या. न्हाईतर सुटून थोबाडात बसतंय. आमच्या वस्तादाचा दात असाच गेला. गावात बोभाटा, बायकूनं पाडला म्हनून.”

हरिबा हसले नाहीत. खिळ्यावर अडकवलेलं जुनं स्टेअरिंग खाली आलं आणि आपल्या जागी बसलं.

फेरी मारायला ते एकटेच निघाले. सरळ रस्त्याला गाडी गुणी पोरीसारखी चालली. बघा, सगळं त्या नव्या स्टेअरिंगचंच होतं. कालव्याच्या वळणावर त्यांनी वेग कमी केला, दोन्ही हातांनी वळवायला घेतलं, आणि डावा हात सुटला. घट्ट धरलं होतं, तरी सुटला. उजव्या हाताने ओढेपर्यंत गाडी रस्त्याच्या पलीकडे गेली होती. समोरून उसाची ट्रॉली. ट्रॅक्टर करकचून थांबला.

“ओ आजोबा! रस्ता आंदन मिळालाय व्हय?”

हरिबांनी उजवा हात वर केला, कशीबशी गाडी कडेला घेतली आणि बसून राहिले. तेच जुनं स्टेअरिंग. तोच रोजचा कालवा. गेले काही महिने शर्टाची गुंडी लावताना डावी बोटं ऐकत नव्हती. ते म्हणाले, काजंच लहान शिवलीत. चहाचा कप निसटला तेव्हा कपाचा कान गुळगुळीत होता. नवं स्टेअरिंग जड लागलं तेव्हा तर, खरं सांगायचं, त्यांना बरंच वाटलं होतं. दोष द्यायला काहीतरी मिळालं होतं.

हळूहळू, एका हाताने, ते गॅरेजवर परत आले.

“नवंच बसव परत.”

“मस्करी करताय व्हय तात्या?” म्हणत गुंडा खिडकीशी वाकला. मांडीवर पडलेला डावा हात त्याला दिसला. हसू तिथेच थांबलं. त्याने पाना उचलला.

“डाक्टरला दावलं?” नट सैल करता करता त्याने विचारलं.

“दावतो. पर मायाला बोलू नगंस. तिनं दिलेलं बसवलं आन बापाचं गाडी चालवनं सुटलं, असं हुईल तिच्या डोक्यात. पोर जल्मभर खात बसंल सोताला. रविवारी तू चल. तूच चालव.”

“मी चालवली तर काकी बसतील?”

हरिबांनी लाल टाक्यांवरून उजवा अंगठा फिरवला.

संध्याकाळी मायाचा फोन आला. “तात्या, खरं सांगा, कसं हाय स्टेअरिंग?”

“लय झ्याक! लोन्यावानी फिरतंय. पर तरन्या हाताला शोभतंय बघ ते. म्हनलं, गुंडाला चालवू दे. मी आपला मागं बसतो, पाव्हन्यागत.”

माया खळखळून हसली. पलीकडे बाळ रडायला लागलं तसा तिने फोन ठेवला.

रविवारी सुलाबाईंनी काहीही विचारलं नाही. ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात लिंबू घेऊन, त्या पुढचं दार सोडून मागे, नवऱ्याच्या डाव्या बाजूला बसल्या. कराड गेलं. उंब्रजच्या पुढे गुंडाने आरशात पाहिलं.

“काकी, थांबवू का जरा?”

त्यांनी मानेनेच नको म्हटलं. मग तोंडावरचा पदर किंचित बाजूला केला. “बरा चालवतोय की पोरगा. काय हुत न्हाई मला.”

त्यांचं कपाळ घामाने डबडबलं होतं. हरिबांच्या उजव्या हातात उघडी पिशवी होती. त्यांनी डाव्या हाताने रुमाल उचलला. हात निम्म्यावर आला आणि तिथेच थांबला.

खिडकीबाहेरचा ऊस बघत सुलाबाईंनी मान खाली आणली, कपाळ रुमालाला टेकेपर्यंत.