मालनबाईंचं नाव घेणारा भोंगा

मित्रांनो, रिक्षाच्या टपावर तोंड वासून बसलेला भोंगा तुम्ही पाहिला असेल. त्यातलाच मी एक, बावीस वर्षांचा. औरंगपुऱ्यातल्या मोईनभाईंनी मला विकत घेतले. ते रिक्षा चालवायचे आणि त्यांचे मित्र बन्सीभाऊ मागे बसून माईकवर बोलायचे. नळाला पाणी कधी येणार, लस कुठे मिळणार, कोणाचे मूल हरवले, हे मी शहराला सांगत आलो. क्रांती चौकात चुकलेली तीन मुले माझ्यामुळे तासाभरात घरी पोहोचली. तेव्हा लोक मला हात जोडायचे.

निवडणुकीत सकाळी एका पक्षाचा फलक आणि दुपारी दुसऱ्याचा, असा आमच्या धंद्याचा रिवाज होता. फलक बदलायला रिक्षा चहाच्या टपरीपाशी थांबे. तिथे दोन्हीकडचे कार्यकर्ते एकाच बाकड्यावर बसलेले असत.

"बन्सीभाऊ, सकाळी आमच्या सायबाला वाघ म्हणला, आता त्यांच्याला बी वाघच?"

"मग काय करू? माणूस म्हणून कुणी उभंच राहत नाय!"

सगळ्यात मोठ्याने त्या दोन्ही वाघांचे लोकच हसायचे.

पुढे ते बाकडे रिकामे राहू लागले. गेल्या निवडणुकीत पक्षांनी अट घातली, आमचे काम घ्यायचे तर त्यांचे घ्यायचे नाही. मोईनभाईंनी एक पक्ष धरला आणि मी 'त्यांचा भोंगा' झालो. समोरच्यांच्या गल्लीत शिरलो की शिट्ट्या वाजायच्या. "हे लोक माणसातच नायत," असे बन्सीभाऊ म्हणायचे. गल्लीतून आमच्याबद्दलही हेच वाक्य ऐकू यायचे.

त्याच प्रचारात, मे महिन्यातल्या एका दुपारी तनुजा नावाची बाई धावत आली.

"चाचा, माझ्या सासूबाई, मालनबाई, सकाळपासून घरात नाहीत. लई विसरतात त्या. यांना दहा फोन केले, उचलत नाहीत."

तिचा नवरा आकाश समोरच्या पक्षाचा कार्यकर्ता होता. मोईनभाईंनी ते विचारलेही नाही. त्यांनी फलक उतरवला आणि रिक्षा थेट तिच्या घरामागच्या गल्लीच्या तोंडाशी नेली.

पण घाईत एक चूक झाली. माझे मशीन सुरू केले की आधी पेन ड्राइव्हवरचे प्रचारगीत आपोआप लागायचे. ते काढून ठेवायचे दोघांच्याही लक्षात राहिले नाही. बन्सीभाऊंनी धडपडून ते बंद केले, तोवर अकरा सेकंद गाणे वाजले होते.

गल्लीत पन्नास पावलांवर समोरच्या पक्षाचा मांडव होता. गाणे ऐकताच तिथल्या कोणीतरी आपल्या स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवला. बन्सीभाऊ माईकवर मालनबाईंचे नाव घेत होते. ते माझे मलाच ऐकू येईना. पोरे रिक्षाभोवती जमली. "ओ चाचा, वळवा गाडी!" एकाने टपावर चप्पल मारली.

"उतरून सांगू का?" बन्सीभाऊंनी विचारले.

"ये लोगां नहीं सुनते, बन्सी. पुढच्या गल्लीत चल."

आम्ही वळलो. पुढे सोळा गल्ल्यांत मी ते नाव घेतले.

मालनबाई त्या पहिल्याच गल्लीत होत्या, हे नंतर कळले. मांडवापलीकडे राहणाऱ्या द्वारकाबाईंच्या ओट्यावर बसून पाणी पीत होत्या. द्वारकाबाई त्यांना ओळखत नव्हत्या. मांडवातल्या स्पीकरच्या आवाजात द्वारकाबाईंना माझे काहीच ऐकू आले नाही. पाणी पिऊन मालनबाई उठल्या आणि उन्हात चालू लागल्या. संध्याकाळी त्या रस्त्याकडेला पडलेल्या सापडल्या. डॉक्टरांनी उष्माघात सांगितला. रात्रीच त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पक्षांनी एकमेकांना दोष देणारा मजकूर तयार ठेवला. आमच्याकडचा कागद बन्सीभाऊंनी वाचला नाही. मोईनभाईंनी मला टपावरून उतरवले. आता मी त्यांच्या घराच्या पडवीत असतो.

तेराव्यानंतर आकाश एकटा तिथे आला. बन्सीभाऊही तिथेच बसले होते.

"चाचा, त्या दिवशी आवाज मीच वाढवला व्हता."

मोईनभाईंनी त्याला खाली बसवले. "मी बी उतरायला पाहिजे व्हतं, बेटा. पन्नास पावलं व्हती."

"बन्सीकाका, तुम्ही काय बोलत व्हते?"

बन्सीभाऊ त्याच्याजवळ सरकले. मग माईकशिवाय, हळू आवाजात त्यांनी सांगितले, "मालनबाई. वय बहात्तर. हिरवं लुगडं, पायात चप्पल नाय. विसरतात. दिसल्या तर सावलीत बसवून ठेवा."

"एवढंच?"

"एवढंच."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ कोणी पुसली नाही तरी चालेल. पण भोंगा कोणाचा आहे हे कळले, तरी तो काय सांगतो ते आधी ऐकून घ्या. आणि समोरचे ऐकणारच नाहीत असे धरून कधी गाडी वळवू नका. खाली उतरा, चालत जा आणि सांगा.