गव्हाविना एक बन

आमच्या मानसशास्त्र विभागात नवी समिती नेमायची म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, "साइमीला घ्या की." फिनलंडचा कायदाच तसा आहे. समिती कुठलीही असो, शंभरातल्या चाळीस जागा तरी बायकांना हव्यात. वर्गात बघाल तर मुलीच मुली, पण वरच्या पदांवर बायका मोजून तीन. त्यातली एक लांबच्या रजेवर, दुसरी स्वतः विभागप्रमुख हेल्का. मग उरली कोण? साइमीच.

हेल्का ही विभागाची पहिली बाई प्रमुख. समित्यांवर नुसते पुरुष बसत त्या काळात ती याच कायद्यासाठी भल्याभल्यांशी भांडली होती. तिचा अभ्यासाचा विषय होता कामाचा ताण. त्यावर तिनं जाडजूड पुस्तक लिहिलं होतं आणि गावोगाव भाषणंही दिली होती.

नोव्हेंबरातल्या त्या शुक्रवारी मात्र तिच्यासमोर एक अवघड निर्णय होता. साइमीच्या बढतीबद्दल बाहेरच्या दोन परीक्षकांचे अहवाल आले होते. शिकवणं उत्तम, संस्थेची सेवा आदर्श, पण चार वर्षांत संशोधनाचे लेख फक्त दोन. हेल्कानं तीन वाजेपर्यंत आपलं मत कळवायचं होतं. ते "नाही" असेल तर साइमीची चार वर्षांच्या मुदतीची नेमणूक डिसेंबरात संपणार होती. जंगलातल्या वाड्यावस्त्यांवर एकटी राहणारी म्हातारी माणसं कशी विसरत जातात, याचा तिचा अभ्यास अर्ध्यातच बंद पडणार होता.

हेल्कानं "नाही" लिहून ठेवलं होतं, पण पाठवायला हात धजत नव्हता. "हो" लिहावं तर लोक म्हणणार, बाईनं बाईची बाजू घेतली.

दोन वाजता आउने आत आली. ही विभागाची कारकून, एकतीस वर्षं नोकरी झालेली, नाताळात निवृत्त होणारी. तिनं टेबलावर एक जाड फाइल ठेवली. बैठकांना कॉफी आणि बन मागवायच्या चिठ्ठ्या होत्या त्या.

"पाठवायचं ते पाठव, पण आधी हे बघ," आउने म्हणाली. "साइमीला गहू चालत नाही. म्हणून ती असेल त्या बैठकीला मी गव्हाविना एक बन वेगळा मागवते. काल बसून मोजले. चार वर्षांत दोनशे तेरा."

हेल्का चिठ्ठ्या उलटत राहिली. मंगळवार हा बैठकांचा वार. सुट्ट्या सोडल्या तर एकही मंगळवार सुटलेला नव्हता, कधी तर एकाच दिवशी दोन-दोन बैठका, आणि प्रत्येक चिठ्ठीखाली सही हेल्काची स्वतःची होती.

ती चिडली. "मग तिनं नाही का म्हटलं नाही कधी?"

"कुणाला म्हणणार? तूच तिला सांगायचीस ना, तू नसलीस तर टेबलाभोवती पुन्हा सगळे पुरुषच." आउनेचा आवाज खाली आला. "आपण भांडून खुर्ची मिळवली गं. आणि मग सगळ्या खुर्च्यांवर एकाच पोरीला बसवून ठेवलं. ती उठून आपलं काम कधी करणार?"

हेल्काची नजर फळीवरच्या स्वतःच्या पुस्तकावर गेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. लिहिलेलं तिनं पुसून टाकलं आणि नव्यानं लिहायला घेतलं. या बाईची वर्षं विभागानं खाल्ली आहेत, ती माझ्या सहीनं खाल्ली आहेत, तिला दोन वर्षं वाढवून द्या. घड्याळात तीनला चार मिनिटं होती तेव्हा पत्र गेलं.

मग ती साइमीच्या खोलीत गेली. साइमी पुस्तकं खोक्यात भरत होती. हेल्कानं सगळं सांगितलं, माफी मागितली. साइमीनं हातातलं पुस्तक खोक्यात न टाकता टेबलावर ठेवलं.

"माफी नको, हेल्का," ती म्हणाली. "मंगळवार दे."

दोन वर्षं मिळाली. हेल्कानं विभागाच्या सतरा समित्यांपैकी नऊ बंदच केल्या, आणि खरं सांगायचं तर त्या कुणाला आठवल्याही नाहीत. उरलेल्या समित्यांवर केलेलं काम बढतीच्या वेळी मोजलं जाईल, असा ठरावही तिनं भांडून करून घेतला.

नाताळाच्या आधीच्या मंगळवारी आउनेनं आपली शेवटची चिठ्ठी लिहिली. बारा बन, सगळे साधे गव्हाचे. तिनं ती दोनदा वाचली. साइमी तेव्हा बर्फातून गाडी हाकत एका म्हातारीकडे निघाली होती.

मंडळी, कायदा चांगलाच आहे, त्याला नावं ठेवू नका. आपल्या कचेरीत, शाळेत, संस्थेतही एखादी साइमी असेलच. तिला मानाची खुर्ची जरूर द्या. पण त्या खुर्चीपायी तिचं स्वतःचं काम किती दिवस पडून राहिलंय, हे तिला आजच विचारा.