मामाची चटई

"अहो, अंगावरची ती चटई काढा आधी. तिचे धागे पडताहेत आत."

"नाही काढणार," हे म्हणाले.

पडवीत लॅपटॉप पालथा पडला होता. बॅटरी काढून बाजूला ठेवलेली, पाठीचं झाकण उघडं. माझी नणंद मेलेआने आतल्या खोलीत बसून होती. तिचा एकुलता एक सेमिसी ऑकलंडमध्ये परांचीवरून पडून गेला. वन्संचा व्हिसा काही आला नाही. तिथल्या चर्चमधून मयत इंटरनेटवर दाखवणार होते. पण मोतीबिंदूमुळे फोनवर वन्संना काही दिसेना, आणि सेमिसीनं धाडलेला हा जुना लॅपटॉप चित्र उघडलं की गोठायचा. मेमरी कमी पडतेय, हे यांनी ओळखलं. आपल्या दुरुस्तीच्या दुकानातल्या एका मेलेल्या लॅपटॉपमधून त्याच जातीची मेमरीची पट्टी काढून आणली.

आम्हा टोंगन लोकांत भाच्याच्या मयताला मामाची पायरी सगळ्यात खालची. त्यानं फाटकी चटई अंगाला गुंडाळून मागे राबायचं, मृताचं तोंड बघायला पुढे जायचं नाही. त्यात बहीण जिथे पडदा बघत बसते, त्या खोलीत भावानं पाऊलही टाकायचं नाही. सेमिसीला होडी वल्हवायला शिकवली ती यांनी. पण रीत म्हणजे रीत. मला कधीकधी तिचा संताप येतो.

"इथे कोण बघतंय तुम्हाला?"

"सेमिसी बघतोय."

मी यांच्या मागे बसले आणि चटईच्या कडा दोन्ही हातांनी मागे ओढून धरल्या. यांनी अंगातली वीज उतरावी म्हणून लोखंडी नळाला हात लावला. मग पट्टी कडांनी उचलली, सोनेरी दातांना बोट लागू न देता खाचेत तिरकी घातली आणि दाबली. बॅटरी लावून बटण दाबलं. पडदा काळाच. नुसतं टीं टीं वाजायला लागलं.

"झालं का गं?" आतून वन्संनी विचारलं. "भजन सुरू होईल आता."

"होतंय, वन्सं."

"त्याला म्हणावं, घाई करू नको."

"त्यांना ऐकू आलंय."

यांनी पुन्हा सगळं बंद केलं, बॅटरी काढली. "नीट बसली नाही," म्हणाले. मग पट्टी काढून पुन्हा घातली. या खेपेला दोन्हीकडचे चिमटे टक्कन लागले. पडदा उजळला तेव्हा मला रडू फुटलं.

मी लॅपटॉप आत नेऊन वन्संसमोर ठेवला. चर्च दिसलं, फुलं दिसली आणि उघड्या शवपेटीत सेमिसी. चित्र कुठे अडलं नाही. वन्संनी पडद्यावर बोट टेकवलं.

"झाकण लावतील आता," त्या म्हणाल्या. "बोलाव त्याला. म्हणावं, एकदा बघून जा. मी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटते."

मी उंबऱ्याशी आले. यांनी सगळं ऐकलं होतं.

"तिला म्हणावं, डोळे मिटू नकोस," हे म्हणाले. "तिला दिसावं म्हणून तर केलं."

मला ते आत जाऊन सांगावं लागलं नाही. वन्सं पडद्याकडेच बघत राहिल्या.

"कसा दिसतोय?" यांनी हळूच विचारलं.

"झोपल्यासारखा. निळा सदरा घातलाय."

"मिशी?"

"ठेवलीय."

"ठेवलीय ना? मी चिडवायचो त्याला, उंदराची आहे म्हणून." हे हसले आणि चटई डोक्यावरून ओढून घेतली.

तिकडे पेटीचं झाकण लावलं. भजन सुरू झालं. यांनी पडवीतून खालचा सूर धरला, तो दुसऱ्याच ओळीत फाटला. तेव्हा आत वन्संनी वरचा सूर उचलला, मोठ्यानं, आणि यांचा आवाज परत येईपर्यंत एकटीनं ओढून नेला.

मी पडवीचं दार लावायला गेले.

"असू दे उघडं," वन्सं म्हणाल्या.